ताईच्या मापाचा ओटा

माझे भावोजी गेले त्याला आता सहा वर्षं झाली. तरी अजून महिना-दोन महिन्यांनी कुणीतरी दारात येतं आणि विचारतं, "ते गाडीत घर करणारे इथेच राहायचे ना?" मी म्हणतो, "राहायचे. आता मी आहे. काय विचारायचंय?" मग ते विचारतात. जुनी गाडी घेतलीय, मुलाबाळांना घेऊन आठवडाभर बाहेर राहायचंय, काय न्यावं, काय नेऊ नये. मला ठाऊक आहे तेवढं सांगतो. मी वेल्डर होतो, बोलणं माझं काम नव्हतं. त्यामुळे निम्मं सांगायचं राहून जातं. ते निम्मं भावोजींबद्दल आणि माझ्या ताईबद्दल आहे. म्हणून लिहून ठेवतो.

भावोजी आणि मी एकाच कारखान्यात. बसच्या बॉड्या बांधायचो. नुसती चासी आत यायची, म्हणजे चाकं, इंजिन आणि त्यावर दोन लांब पोलादी पट्ट्या. दीड महिन्याने रंगवलेली बस बाहेर जायची. मी सांगाडा जोडायचो. ते आतलं काम करायचे, सिटा, फळ्या, ड्रायव्हरची केबिन. शेडमध्ये त्यांना सगळे 'दोनसूत' म्हणायचे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कुणी फळी बसवायला घेतली की हे मागून ओरडायचे, "दोन सूत सोड रे! लाकूड फुगतं, पत्रा तापतो, त्यांना जागा लागते." साहेबांनासुद्धा त्यांचं खरं नाव पटकन आठवायचं नाही.

त्यांचं नाव झालं ते ड्रायव्हरच्या सिटेमुळे. बाकीच्या कारखान्यांत एकच साचा असायचा, ड्रायव्हर उंच असो की ठेंगणा. भावोजी गिऱ्हाइकाला सांगायचे, ड्रायव्हर घेऊन या. मग त्या माणसाला उघड्या सांगाड्यात खोक्यावर बसवायचे, स्टिअरिंग धरायला लावायचे, आणि गुडघा कुठे येतो, कोपर कुठे येतं, डोळा कुठे येतो ते खडूने मारून घ्यायचे. त्या खुणांवर सीट, त्या खुणांवर आरसा. वर्षाने तोच ड्रायव्हर दुरुस्तीला आला की म्हणायचा, "पाठ दुखत नाही हो अजिबात." भावोजी मान वर न करता म्हणायचे, "दुखेल कशी? तुझीच पाठ मोजली होती."

ही त्यांची सवय. चूक झाली ती याच सवयीतून.

एका वर्षी शाळेची जुनी चौदा सिटांची मिनीबस भंगारात निघाली. भावोजी तीन दिवस तिच्याभोवती घुटमळले. मला म्हणाले, "वीस वर्षं आपण बस बाहेर सोडतोय. प्रत्येक बस कुठेतरी जाते. आपण कुठपर्यंत जातो?"

"गेटपर्यंत."

"तेच म्हणतोय."

चौथ्या दिवशी गाडी त्यांच्या घरासमोर उभी होती. ताई बाहेर आली, सरळ कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हे काय आणलंत?"

"घर."

"एक आहे की आपल्याकडे."

"हे फिरतं आहे."

"म्हणजे हे झाडून झालं की ते झाडायचं."

ताईचं सांगायला हवं. ती हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत कामाला होती. इस्त्रीच्या मोठ्या रोलरवर. एका बाजूने ओली चादर सोडायची, दुसऱ्या बाजूने ताणून घ्यायची. आठ तास उभं राहून. बसायला स्टूल नव्हतं, कारण बसून चादर ताणता येत नाही. संध्याकाळी घरी आली की पायावर चपलेच्या पट्ट्याची खोल खूण असायची आणि ती झोपेपर्यंत बुजायची नाही. वर्षाला एक आठवडा सलग रजा मिळायची. सतरा वर्षांत त्यातली एकही रजा तिला रजेसारखी मिळाली नाही. एकदा सासूबाईंचं आजारपण, एकदा घराची रंगरंगोटी, एकदा थोरल्या मुलीचा गोवर, एकदा धाकटीचा.

त्या संध्याकाळी तिने माझ्यासमोर अट घातली. "ऐका. या वर्षीची रजा मी तुमच्या गाडीला देते. पण रजा म्हणजे रजा. घरचंच काम चाकांवर घालून गावभर फिरवायचं असेल तर परत आल्या दिवशी गाडी विकायची. मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही आणि तुम्ही पुन्हा नाव काढायचं नाही."

"मंजूर," भावोजी म्हणाले.

"तू ऐकलंस ना रे?" तिने मला विचारलं.

"ऐकलं."

"मग तूही चल. साक्षीदार हवा."

माझं तेव्हा लग्न झालेलं नव्हतं. मी तयार झालो.

आठ महिने आमचे सगळे रविवार त्या गाडीत गेले. सिटा उपटल्या, तळाचा पत्रा बदलला, गंजलेलं सगळं खरवडून काढलं. गंजावर रंग मारणाऱ्या माणसाशी भावोजी दोन दिवस बोलायचे नाहीत. त्या आठ महिन्यांत जे शिकलो ते आजही लोकांना सांगतो. जड वस्तू खिडकीच्या वर ठेवायची नाही. वर उशा, पांघरुणं, कपडे. जड ते खाली, दोन्ही चाकांच्या मध्ये. गॅसची टाकी उभी आणि पट्ट्याने आवळलेली, तिचा कप्पा बाहेरून उघडणारा, आणि त्याच्या तळाला भोक, कारण गळलेला गॅस खाली बसतो. त्याला बाहेर जायला वाट हवी. आत काही शिजवायचंच असेल तर खिडकी उघडी, थंडी असली तरी. आणि ऊब यावी म्हणून शेगडी पेटवून झोपायचं नाही. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो.

पाण्याची टाकी आम्ही डाव्या बाजूला बसवली, कारण तिकडे जागा होती. ओटा डावीकडे, कपाट डावीकडे. पाणी भरलं आणि गाडी एका अंगाला झुकली. भावोजी आणि मी खाली वाकून स्प्रिंगा बघत बसलो. बसमध्ये माणसं दोन्हीकडे बसतात, त्यामुळे डाव्या-उजव्याचा विचार करायची आम्हाला कधी वेळच आली नव्हती. ताई बाजारातून येत होती. म्हणाली, "एका हातात दोन पिशव्या धरून चाला बघू." आणि आत निघून गेली. दुसऱ्या रविवारी टाकी उजवीकडे गेली.

मग ओट्याची वेळ आली. भावोजींनी ताईला गाडीत बोलावलं.

"इथे उभी राहा. भाजी चिरतेस तसे हात धर."

तिने धरले. कोपराखाली चार बोटं सोडून त्यांनी पत्र्यावर खडू मारला.

"आता हात वर कर. टाच उचलू नकोस." तिथे दुसरी खूण.

"आता न वाकता खाली सोड." तिसरी.

ताई चार फूट दहा इंच. भावोजी सहा फुटांना दोन इंच कमी. ताई हसली. "मला काय ड्रायव्हर करताय?"

"तशीच समज. गाडी आम्ही चालवू, हे तू."

मी वेल्डिंगचा होल्डर धरून बाजूला उभा होतो. ती खूश झाली होती. तिला न विचारता तिच्यासाठी आणलेल्या वस्तू घरात पुष्कळ होत्या; कुणी तिच्या हाताची लांबी बघितली नव्हती. त्या तीन खुणांवर ओटा, शेल्फ आणि डबे ठेवायचा खण उभा राहिला. भावोजी म्हणाले, "हत्ती बसला तरी हलता कामा नये." मी तसा वेल्ड केला.

निघण्याआधी एक रात्र घरासमोरच गाडीत झोपलो. हे कुणी करत नाही आणि सगळ्यांनी करावं. घराचं दार दहा पावलांवर असताना जे विसरलं ते कळतं. शंभर मैलांवर कळलं तर त्याचा उपयोग नाही. सकाळी आमच्या विसरलेल्या वस्तूंची यादी झाली. डबा उघडायची चावी, टॉवेल, टाकीच्या नळाला लावायची नळी, आणि भावोजींचा चष्मा. प्रत्येकाला एक खोकं ठरवून दिलं. त्यात मावेल ते तुझं, मावणार नाही ते घरी. सोळा वर्षांच्या थोरलीने तिचं खोकं चार वेळा भरलं. दहा वर्षांच्या धाकटीने एकदाच भरलं आणि निम्म्यात दगडांचा संग्रह घातला.

"दगड कशाला नेतेस? तिथेही असतील."

"ते यांच्या ओळखीचे नसतील, मामा."

पहिल्या दिवशी पाच तास चाललो. मुलं बरोबर असतील तर त्याहून जास्त चालू नये. तळ्याकाठचं सरकारी मैदान होतं. रखवालदार, एक नळ, एका टोकाला संडास. सूर्य वर असताना पोचलो. अंधारात जागा निवडणारा सकाळी चिखलात उठतो. भावोजींनी आधी मैदान पायी फिरून पाहिलं. खोलगट जागा टाळली, वाळक्या फांदीखालची टाळली. गाडी उभी केली, चाकांना पाचरी लावल्या, आत पाणसळ ठेवली, बुडबुडा मध्ये येईपर्यंत दोन चाकांखाली फळ्या सरकवल्या. गाडी सरळ नसेल तर रात्रभर माणूस अंथरुणातून घसरत राहतो आणि सकाळी सगळे एकमेकांवर चिडतात. जेवण घरून आणलेलं होतं. पहिल्या संध्याकाळी चूल पेटवू नये.

इथपर्यंत सगळं बरोबर झालं.

दुसऱ्या दिवशी मला दिसायला लागलं. कारखान्यात एक वेळ मोजणारे साहेब यायचे. कामगार किती वेळा उठला, किती पावलं चालला, घड्याळ लावून लिहायचे. त्यांच्यामुळे मलाही मोजायची खोड लागली होती. झाडाखाली बसून मी ताईच्या गाडीत चढण्या-उतरण्याच्या फेऱ्या मोजल्या. चहा, अंडी, भांडी, ओले टॉवेल, दुपारचा भात, भांडी, धाकटीचे चिखलाचे बूट, पुन्हा चहा, रात्रीसाठी बटाटे. सूर्य मावळेपर्यंत एकेचाळीस. पायरी जमिनीपासून चौदा इंच होती. मीच बनवली होती.

मी मोजलं. उठलो नाही. तेही लिहून ठेवतो.

तसं कुणी आळशी नव्हतं. थोरली भांडी घासायला गेली. ओटा तिच्या मांडीला लागत होता. ती बापाच्या उंचीवर गेलेली. पाच मिनिटांत पाठ धरून बाहेर आली. "आई, तूच कर गं. तुला बरोबर येतं." भावोजी चहा करायला गेले आणि शेल्फवर कपाळ आपटून आले. "तुझ्या मापाचं आहे, मला जमायचं नाही." मी गेलो तर डब्यांच्या खणात हात घालायला गुडघे टेकावे लागले. "ताई, साखर काढ ना, तुझ्या हाताशी आहे." दिवसभरात हे वाक्य मी पंधरा वेळा तरी ऐकलं. तुझ्या हाताशी आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताईने घडीची खुर्ची उचलली, पाण्याच्या काठाला नेऊन ठेवली, गाडीकडे पाठ केली आणि बसली.

भावोजी दाढी करत होते. थोडा वेळ वाट बघून म्हणाले, "चहा?"

"मी रजेवर आहे."

"अगं, सगळेच रजेवर आहोत."

"तुम्ही आहात. माझी दोन दिवस बदली झाली होती. रजा आजपासून."

थोरली खुदकन हसली आणि बापाचा चेहरा बघून गप्प झाली. भावोजी आत गेले. काहीतरी पडलं. मग कपाळ आपटल्याचा आवाज आला. मग दूध उतू गेल्याचा वास. ते चहाचा कप घेऊन बाहेर आले. कपात चहा निम्मा, बशीत निम्मा.

"मी एवढं तुझ्या मापाचं केलं!" आवाज चढला होता. "वाकायला नको, हात ताणायला नको, सूतभर इकडे-तिकडे नाही. आणि तू पाठ फिरवून बसतेस?"

ताईने मान वळवली नाही. "म्हणूनच बसलेय. माझ्या एकटीच्या मापाचं केलंत म्हणजे काम मी एकटीने करायचं, हे खडू मारला त्याच दिवशी ठरवलंत. तिथे दुसरं कुणी उभंच राहू शकत नाही. एकाची पाठ भरते, एकाचं डोकं आपटतं, आणि सगळे म्हणतात, तुला बरोबर येतं. ड्रायव्हरचं माप घेऊन सीट केली की त्यावर क्लीनर बसतो का?"

रखवालदार नळावर पाणी भरत होता, तो उगाच नळाकडे बघत राहिला.

भावोजी पायरीवर बसले. कपातला चहा स्वतःच प्याले. मग उठून आत गेले. मी दारातून पाहिलं. ते ओट्यापुढे उभे राहिले, भाजी चिरायला धरतात तसे हात धरले, आणि आपल्या कोपरापासून ओट्यापर्यंत टेप सोडली. "तेरा इंच," ते स्वतःशीच म्हणाले. वीस वर्षांत त्यांचं माप चुकलेलं मी पाहिलं नव्हतं. तेव्हाही चुकलं नव्हतं, आणि त्याचाच त्यांना राग येत असावा.

"हॅक्सॉ आण," ते म्हणाले.

"काय करायचंय?"

"ओटा काढायचा."

"वेल्ड आहे तो."

"कुणी सांगितलं होतं एवढा पक्का करायला?"

"तुम्हीच. म्हणालात, हत्ती बसला पाहिजे."

"मग आता हत्ती उठवू."

चार पाय, चार वेल्ड. वीज नव्हती. एकेका वेल्डला पाऊण तास लागला आणि एकूण पाच ब्लेड तुटली. आम्ही आळीपाळीने कापत होतो. माझाच वेल्ड मला शिव्या घालायला लावत होता. थोरलीने विचारलं, "बाबा, मी काय करू?" त्यांनी तिच्या हातात हातड्रिल दिलं. बिछान्याखालचे दोन जादा लोखंडी अँगल काढून आम्ही त्यांचे चार तुकडे केले, आणि तिने त्यांना दर दोन इंचांवर भोक पाडायला घेतलं. धाकटी प्रत्येक भोकात तेलाचा थेंब सोडायची आणि आकडा मोठ्याने म्हणायची. जुना पाय नव्या अँगलच्या आत सरकायचा आणि भोकातून बोल्ट घातला की हव्या त्या उंचीवर थांबायचा. वर ओट्याचीच फळी. दोन माणसं समोरासमोर उभी राहू शकतील असं टेबल. ते गाडीच्या मागे उघड्यावर उभं केलं, वर ताडपत्री बांधली. शेगडी बाहेर आली, डब्यांचं खोकं बाहेर आलं. पायरीची चढ-उतर संपली.

हे एवढं लिहायला चार ओळी लागल्या. करायला दिवस गेला.

दुपारी धाकटीने अंडी उकडली आणि पावाबरोबर आईला नेऊन दिली. अंडी अशी झाली होती की सोलताना आवाज यायचा. ताईने एक घास घेतला. "मीठ कुठे..." म्हणाली आणि थांबली. "राहू दे. मी काही विचारलं नाही." धाकटी स्वतःच धावत जाऊन मीठ घेऊन आली. ते कुठे असतं हे तिला पहिल्यांदाच कळलं होतं, कारण ते आता तिच्या नाकासमोर होतं.

रात्रीचा भात भावोजींनी केला. खाली लागलेला, वर कच्चा. ताई मुकाट्याने जेवली.

"कसा झालाय?" त्यांनी न राहवून विचारलं.

"मी रजेवर आहे. मत देत नाही."

मग मात्र सगळे हसले. तीही.

पुढचे चार दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते. विशेष काही घडलं नाही म्हणून. सकाळी कुणीतरी उठून टेबलाचे बोल्ट आपल्या उंचीला लावायचं, त्या आवाजाने बाकीचे जागे व्हायचे, आणि बोल्ट ज्याने लावले त्याचा स्वयंपाक. थोरलीला बटाटे बरे जमले. मी काचऱ्या जाड चिरतो यावर सगळ्यांचं एकमत झालं. ताईची पाळी एकदा आली. तिने चारी बोल्ट काढले, टेबल खाली घेतलं, तासाभरात सगळं आवरलं आणि पुन्हा खुर्चीत. चौथ्या दिवशी दुपारी ती झाडाखाली झोपली. तीन तास. तिला दुपारी झोपलेलं मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. भावोजी पाण्यात दगड फेकणाऱ्या धाकटीला हातानेच खुणा करत होते, हळू, हळू. पाण्यात दगड हळू कसा पडणार, हे तिने त्यांना खुणेनेच विचारलं.

सहाव्या दिवशी ताई पाय पाण्यात सोडून बसली होती. मी शेजारी जाऊन बसलो. तिच्या पावलावरची पट्ट्याची खूण नव्हती. सूजही नव्हती. ती म्हणाली, "माझे पाय असे आहेत, विसरलेच होते मी."

"मग गाडी विकायची का?"

"ते परत गेल्यावर. अट परत गेल्यावरची आहे."

भावोजींना हे मी सांगितलं. परतीच्या पाच तासांत ते जेमतेम दहा वाक्यं बोलले असतील. निघताना त्यांनी मैदान पुन्हा पायी फिरून पाहिलं, आमचा कचरा, दुसऱ्यांचाही, पिशवीत घातला, राखेवर दोनदा पाणी ओतून वर हात ठेवून पाहिला. हात ठेवता आला की विझली; नुसती काळी दिसली म्हणून विझली असं धरू नये. रखवालदार म्हणाला, "पुढच्या वर्षी या." भावोजींनी ताईकडे पाहिलं. ताई आरशात केस बांधत होती.

दुपारी घरी पोचलो. भावोजींनी इंजिन बंद केलं, पण खाली उतरले नाहीत.

"मग?" समोर बघतच ते म्हणाले. "लावू का पाटी? विकणे आहे म्हणून?"

ताई उतरली. कुलूप काढलं आणि आत गेली. आम्ही मागोमाग. आठवडाभर बंद असलेल्या घराचा कोंदट वास होता. तिने स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि ओट्यावर हात ठेवला.

"हा कुणी केला?"

"मीच," भावोजी म्हणाले. "लग्नाच्या वर्षी."

"कुणाच्या मापाचा?"

थोरलीने पुढे होऊन ओट्याला मांडी लावून दाखवली. बापाकडे बघून तिने भुवया उंचावल्या.

"गाडी राहू दे," ताई म्हणाली. "हा काढा."

भावोजींनी कमरेची टेप काढली आणि सवयीने तिच्या कोपराकडे नेली. तिने हात मागे घेतला.

"माझं नको. तुमचं घ्या."

पुढच्या रविवारी ओटा साडेपाच इंच वर गेला. भावोजी आणि थोरली यांच्या मधलं माप काढलं होतं. ताई स्वयंपाकाची पाळी आली की खोक्यावर उभी राहायची आणि खोकं डगमगतं म्हणून कुरकुर करायची. भावोजी दर वेळी त्याच्या एका कोपऱ्याखाली पुठ्ठा घालायचे. नंतर लोक गाडीचा सल्ला विचारायला यायला लागले तेव्हा ते टेप काढायच्या आधी विचारायचे, "घरात माणसं किती? त्यातली कामाला हात लावणारी किती?" दोन आकडे जुळले नाहीत की म्हणायचे, "आधी ते जुळवून या."

गाडी अकरा वर्षं चालली. ताईने त्यातली एकही रजा सोडली नाही.